हेअर ट्रान्सप्लांट करून १४ महिने झाले, आता देतो खरा रिव्ह्यू

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी क्लिनिकमधून मेसेज आला, सर प्लीज आम्हाला पाच स्टार द्या. डोक्यावर खपल्या, मागची बाजू बधिर, डोळ्यांची सूज आत्ता कुठे उतरलेली, आणि ह्यांना स्टार पाहिजेत. पेरणी केली त्याच आठवड्यात पीक कसं आलं विचारण्यातला प्रकार. तेव्हाच ठरवलं की वर्ष होऊ दे मग लिहू, आणि वर्षाचे १४ महिने झाले ते निव्वळ आळसामुळे.

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांच्यासाठी. ऑपरेशन चांगलं झालं, पुढची हेअरलाइन एक नंबर, भोवऱ्याकडे ठीकठाक, आणि ऑपरेशननंतरची सर्व्हिस बोगस. नाव टाकत नाही क्लिनिकचं, कारण ह्या तक्रारी मी नंतर भेटलेल्या प्रत्येक ट्रान्सप्लांटवाल्याकडून थोड्याफार फरकाने ऐकल्यात, त्यामुळे नावापेक्षा काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं.

माझं वय ३६. कोपरे २४व्या वर्षापासून मागे सरकायला लागले होते पण लक्षात आलं ते तिसाव्या वर्षी, एका लग्नाच्या फोटोत, वरून काढलेल्या. साधारण निम्मे केस गेल्याशिवाय पातळपणा डोळ्याला दिसतच नाही म्हणे, म्हणजे आपल्याला कळतं तोवर अर्धा कारभार आटोपलेला असतो. कारण तेच, घराण्यातून आलेलं, डीएचटी नावाचं हार्मोन केसांची मुळं हळूहळू बारीक करत नेतं आणि एक दिवस ती उगवायचंच बंद होतात. मी पाचेक वर्षं शाम्पू बदलत बसलो, पाण्याला दोष दिला, हेल्मेटला दोष दिला. कशाचाही संबंध नव्हता. टकलाच्या पायऱ्या मोजायची नॉरवुड स्केल म्हणून एक पद्धत आहे, हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने १९५१ मध्ये केलेलं वर्गीकरण नॉरवुडने १९७५ मध्ये सुधारलं, त्यात सात पायऱ्या. मी चौथीवर उभा होतो.

पहिल्या ठिकाणी गेलो तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. एक गोड बोलणारा काउन्सेलर होता, त्याने माझ्या डोक्याकडे जेमतेम दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला सर पाच हजार बसवून टाकू, आज बुक केलं तर डिस्काउंट. पाच हजार काय? ग्राफ्ट की केस? तर म्हणे केस. इथे खूप लोक फसतात म्हणून नीट सांगतो, ग्राफ्ट म्हणजे मुळांचा एक छोटा झुपका, त्यात एक ते चार केस असतात, सरासरी दोनच्या आसपास. म्हणजे पाच हजार केस म्हणजे फार तर अडीच हजार ग्राफ्ट. दोन ठिकाणचे आकडे कंपेअर करताय तर आधी हे विचारून घ्या की कशाचा आकडा आहे, नाहीतर स्वस्त वाटलेलं महाग निघतं.

दुसऱ्या ठिकाणी मात्र डॉक्टरांनी स्वतः मागच्या भागावर कॅमेरा लावून स्क्रीनवर दाखवलं की तुमच्याकडे माल किती आहे. सगळा खेळ तिथे आहे. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातल्या केसांवर डीएचटीचा फारसा परिणाम होत नाही, आणि ते उचलून पुढे लावले तरी ते आपला मागचा स्वभाव सोडत नाहीत. हे न्यूयॉर्कमध्ये ऑरेन्ट्राइक नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, १९५२ मध्ये पहिलं ऑपरेशन केलं आणि १९५९ मध्ये छापलं. जपानमध्ये ओकुडा नावाच्या डॉक्टरांनी तर १९३९ मध्येच पंचने, म्हणजे भोक पाडायच्या गोल हत्याराने, कातडीसकट केस काढून लावलेले, पण महायुद्धाच्या गडबडीत ते काम बाहेर कुणापर्यंत गेलंच नाही. तर मुद्दा असा की हा मागचा स्टॉक आयुष्यभरासाठी एकदाच मिळतो, काही हजार ग्राफ्ट, बास. नवीन केस कोणी तयार करत नाही, ह्या खिशातलं त्या खिशात चाललंय. एकदा हे डोक्यात बसलं की काउन्सेलरची अर्धी बडबड आपोआप गळून पडते.

मग हेअरलाइनवरून आमचं भांडण. मी मोबाइलमध्ये कॉलेजातला फोटो घेऊन गेलो होतो, म्हटलं अशी पाहिजे. डॉक्टरांनी मार्कर घेतला आणि त्याच्या चांगली दोन बोटं वर रेघ मारली, कोपरेही जरा आत ठेवले. मी म्हटलं अहो एवढे पैसे भरून टक्कलच दिसणार असेल तर काय उपयोग. ते शांतपणे म्हणाले, तुमचे मागचे स्वतःचे केस अजून जाणार आहेत, पन्नाशीत पुढे कॉलेजकुमाराची झालर आणि मागे मोकळं मैदान असं दिसेल, तेव्हा भरायला स्टॉक उरलेला नसेल. मी तोंड पाडून हो म्हटलं. आज रोज सकाळी आरशात बघताना मनातल्या मनात त्यांची माफी मागतो, कारण कोणालाच कळत नाही की हे लावलेले केस आहेत. पहिल्या ओळीत त्यांनी एक-एक केसवाले ग्राफ्टच लावले, तेही मुद्दाम वाकडेतिकडे, आणि दोन-तीन केसांचे मागे. सरळ पट्टीने आखल्यासारखी हेअरलाइन दिसली की समजायचं काम घाईत उरकलंय.

पद्धती दोन. एफयूटीमध्ये मागून कातडीची एक पट्टी काढून टाके घालतात, आडवी बारीक रेघ राहते कायमची. एफयूईमध्ये एक मिलिमीटरच्या आतबाहेर असलेल्या पंचने एक-एक ग्राफ्ट सुटा काढतात. मी एफयूई केलं. नीलमचं ब्लेड, पेनने लावायची पद्धत, रोबो वगैरे नावं ऐकवतात त्यावर फार जाऊ नका, हत्यारापेक्षा हात कोणाचा आहे ते बघा.

आणि इथेच माझा अर्धा स्टार कापला गेलाय. मला सांगितलं होतं सगळं डॉक्टर करणार. प्रत्यक्षात डॉक्टरांनी भूल दिली, सुरुवातीचे शे-दोनशे ग्राफ्ट काढले आणि मग टेक्निशियनला सोपवून बाहेर गेले, ते पुढे ग्राफ्ट बसवायच्या बारीक खोबणी पाडायच्या वेळी परत आले. टेक्निशियनचा हात चांगला होता, रिझल्ट चांगला आलाय, पण मला आधी सांगायला काय हरकत होती? मी पालथा पडलेला, तोंड टेबलाच्या भोकात, मला कोण काय करतंय काय दिसणार. मला दिसत होत्या फक्त चपला. डॉक्टरांच्या काळ्या चपला गेल्या आणि त्याजागी निळ्या आल्या, असं मला कळलं. तुम्ही आधीच सरळ विचारा की ग्राफ्ट कोण काढणार, खोबण्या कोण पाडणार, डॉक्टर किती वेळ खोलीत असणार, आणि लिहून घ्या.

त्या दिवसाचं सांगायचं तर, आदल्या आठवड्यात रक्ताच्या टेस्ट झाल्या, साखर, रक्त गोठायला किती वेळ लागतो, एचआयव्ही, कावीळ. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगायचं, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. सिगरेट मी दोन आठवडे आधी सोडली, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नवीन ग्राफ्ट पूर्णपणे त्या रक्तावरच जगणार असतात. सगळं सांगितलं होतं पण समोरून बटणं असलेला शर्ट घालून या हे कोणीच सांगितलं नाही! मी टी-शर्ट घालून गेलो. ऑपरेशन झाल्यावर डोक्यावरून काढता येईना, शेवटी नर्सने कात्रीने समोरून उभा फाडला. माझा आवडता टी-शर्ट. ज्या लोकांनी डिस्काउंटचे सतरा मेसेज पाठवले त्यांना शर्टाचा एक मेसेज पाठवता आला नाही.

दुखतं का, हे सगळे विचारतात. भुलेची इंजेक्शनं दुखतात, आणि चांगलीच दुखतात, दहा-पंधरा मिनिटं मागे आणि मग दुपारी पुन्हा पुढे. कपाळाच्या वर, जिथे हाडावर नुसतं कातडं आहे तिथे, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पण त्यानंतर काही नाही. फक्त आवाज. पंचची मोटर गुणगुणते आणि प्रत्येक ग्राफ्टला एक बारीक कुरकुर होते, ती कानाने ऐकू येत नाही, कवटीतून येते, बटाट्यात पेन्सिल खुपसल्यासारखी. सुरुवातीला मोजत होतो, मग झोप लागली. तीन तास मागचं काम, मग जेवण, मग उताणा. काचेच्या बशीत गार सलाईनमध्ये ग्राफ्ट मांडून ठेवले होते, पन्नास-पन्नासच्या ओळी, मला दाखवले त्यांनी. तांदळाच्या कणीएवढे पांढरट, वर एक काळं टोक. २४०० होते. दोन्ही बाजूंनी दोन मुली चिमट्याने लावत होत्या आणि मधल्या वेळात त्यांच्या सुट्टीचं वेळापत्रक ठरत होतं, कोणी कोणाची शिफ्ट घ्यायची. सकाळी आठला गेलेलो, संध्याकाळी साडेपाचला बाहेर पडलो.

आता रिकव्हरी, ज्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहितोय.

पहिली रात्र वाईट. डोकं उंच ठेवून झोपायचं, अर्धं बसल्यासारखं, मानेखाली ती घोड्याच्या नालासारखी प्रवासाची उशी, आणि मागच्या भागातून गुलाबी पाणी झिरपत असतं ते बघून बायको घाबरली. ते नॉर्मल आहे, एक-दोन दिवसांत थांबतं. जुना टॉवेल अंथरा उशीवर. ग्राफ्टवर दर थोड्या वेळाने सलाईनचा स्प्रे मारायचा, मी मोबाइलला अलार्म लावलेला आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून फुसफुस करत बसायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर डोळे उघडेनात. सूज कपाळावरून खाली उतरते, डोक्यात टोचलेलं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येतं एवढंच असतं ते, पण आरशात मधमाश्या चावलेला माणूस दिसत होता. क्लिनिकला फोन केला तर कोऑर्डिनेटरने एक रेकॉर्ड केलेला व्हॉइस मेसेज पाठवला, तोही दुसऱ्या कोणासाठी बनवलेला, त्यात दुसऱ्याचंच नाव घेतलेलं! रात्री अकराला डॉक्टरांनी स्वतः फोन केला तेव्हा कुठे जीवात जीव आला. कपाळाला बर्फ लावा, ग्राफ्टला चुकूनही नाही, पाचव्या दिवशी उतरेल म्हणाले, आणि उतरली. ताप आला, पू दिसला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर मात्र व्हॉइस मेसेजची वाट बघायची नाही, थेट डॉक्टर गाठायचा.

चौथ्या दिवशी किचनमधल्या कपाटाच्या उघड्या दाराला डोकं आपटलं. खरंच. एक थेंब रक्त आलं आणि एक ग्राफ्ट कपाटाच्या कडेला चिकटलेला दिसला. मी तो थेंब आणि ती कणी बघत उभा, बायकोला सांगायची हिंमत नाही. एक गेला म्हणजे एक गेला, बाकीचे २३९९ आहेत असं डॉक्टर हसत म्हणाले. ग्राफ्ट खरोखर निघाला तर रक्त येतं, नुसता केस गळला तर येत नाही, हा फरक लक्षात ठेवा. नऊ-दहा दिवसांनी ग्राफ्ट पक्के बसतात, तोवर शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, खाली वाकायचं नाही, बूट बसून घालायचे.

धुणं शिकवतात. फेस तळहातावर घेऊन थोपटायचा, मगाने हलकं पाणी सोडायचं, शॉवर नाही. दहाव्या दिवशी लोशनने भिजवून खपल्या बोटाच्या गादीने हळूहळू काढायच्या, नखाने नाही. खपलीबरोबर केसही येतो आणि केसाच्या टोकाला पांढरं काहीतरी असतं, ते बघून माझ्या पोटात गोळा आला, वाटलं मूळच निघालं. मूळ नसतं ते, मूळ आत राहतं.

आणि मग सगळ्यात अवघड भाग, ज्याबद्दल क्लिनिकच्या भिंतीवर एकही फोटो नाही. तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळायला लागतात. जवळपास सगळे. उशीवर, बेसिनमध्ये, कॉलरवर. वाटलं पैसे पाण्यात. मुळं धक्का बसून विश्रांतीत जातात आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा कामाला लागतात, हे वाचलेलं असतं पण स्वतःच्या उशीवर बघताना वाचलेलं काही आठवत नाही. माझे आजूबाजूचे जुने केसही थोडे गळले, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्त टकला दिसत होतो. ऑफिसमधला एकजण म्हणाला, अरे कधी करणार आहेस ट्रान्सप्लांट? करून अडीच महिने झाले होते.

तिसऱ्या महिन्यात डोक्यावर पिंपल्ससारखे फोड आले, नवीन केस कातडीखालून बाहेर यायला धडपडतात तेव्हा येतात काहींना. चौथ्या महिन्यात बाळाच्या लवेसारखे बारीक, जरा कुरळे, फिकट केस. सहाव्याला भांग पडायला लागला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे चौथ्या महिन्यात उगवलेला केस आठव्यात जेमतेम चार सेंटिमीटर होणार, ह्यात क्लिनिक काही करू शकत नाही आणि तुम्हीही. नवव्या-दहाव्या महिन्यात केस जाड झाले आणि कुरळेपणा गेला. मागचा बधिरपणा जायला मला पाच महिने लागले, टोपीसारखं काहीतरी चढवलंय असं वाटायचं.

आज काय आहे? पुढे मस्त. पण घनतेबद्दल स्वप्नं बघू नका. निसर्ग एका चौरस सेंटिमीटरमध्ये ६५ ते ८५ झुपके देतो, माझ्याकडे लावलेत साधारण ४०. कोरडे केस, नीट कापलेले, कोणाला कळत नाही. ओले केस आणि वर ट्यूबलाइट असेल तर टाळू दिसतो. आणि एफयूईमध्ये डाग राहत नाहीत ही शुद्ध थाप आहे, रेघ राहत नाही, ठिपके राहतात. मागे झिरो मशीन मारली तर मिठाचे कण सांडल्यासारखे दिसतात. मी तीन नंबरच्या खाली जात नाही.

औषधांचं कोणीतरी आधी स्पष्ट बोलायला पाहिजे होतं. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्यामधले स्वतःचे केस जातच राहतात, ऑपरेशनने टक्कल थांबत नाही. त्यासाठी मिनॉक्सिडिल, आणि फिनास्टराइडची एक मिलिग्रॅमची गोळी रोज. मिनॉक्सिडिल मुळात ब्लडप्रेशरची गोळी होती, अंगावर केस वाढायला लागले तेव्हा कळलं. फिनास्टराइडने काही थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, मूड बिघडतो, प्रोस्टेटच्या पीएसए टेस्टचा आकडाही खाली येतो, त्यामुळे दुकानातून आणून सुरू करायची नाही, डॉक्टरशी बोलून. घरात कोणी गरोदर असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये. मला कन्सल्टेशनला म्हणाले ऑपरेशन झालं की विषय संपला, आणि सहाव्या महिन्यात म्हणाले गोळी चालू करा नाहीतर मागे पातळ होईल. आधी सांगितलं असतं तर मी वर्षभर आधी गोळीच घेऊन बघितली असती, कदाचित ग्राफ्ट कमी लागले असते. ह्याचा मला अजून राग आहे.

पंचविशीच्या आतल्या पोरांनो, थांबा, टक्कल कुठवर जाणार ते अजून तुमच्या डोक्यालाच माहीत नाही. ज्यांचे केस गोल चट्ट्यांनी जातात त्यांचा आजार वेगळा, त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

स्टार देतो. डॉक्टरांना साडेचार, अर्धा त्या काळ्या चपलांमुळे गेला. ऑपरेशनच्या खोलीची स्वच्छता पाच. टेक्निशियन मुलींना पाच, तासन्‌तास तांदळाच्या कण्या लावणं खायचं काम नाही. नंतरची सर्व्हिस एक, तोही रात्री अकराच्या त्या फोनसाठी.

भोवरा अजून पातळ आहे. तिथे रिझल्ट यायला १५ ते १८ महिने लागतात म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, मागे स्टॉक आहे पण घाई नको म्हणाले. कोऑर्डिनेटरचा मात्र परवा मेसेज आला, सर सेकंड सेशनवर ऑफर आहे, फक्त रविवारपर्यंत. ह्यावेळी नाव बरोबर होतं.